वऱ्हाड टाकलं, वऱ्हाड सापडेना

गेम चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, बाईला खेळता येत नाही म्हणून आदळआपट चालली आहे. चित्रं छान असतात, पत्ते आपोआप पिसले जातात, गुण आपोआप मोजले जातात आणि कोणाला लबाडी करता येत नाही. आमच्या घरात हा शेवटचा गुण फार मोलाचा. तक्रार आहे ती वरच्या कोपऱ्यात भिंगाचं चित्र घेऊन बसलेल्या चौकोनाची. ऑनलाइन बोर्डगेम खेळायला मिळतात त्या साइटवरची सर्चची खिडकी, हे परीक्षण तेवढ्यापुरतंच.

साइटचं नाव लिहीत नाही. आम्ही दोन-तीन ठिकाणी खेळतो, आणि कमी-जास्त फरकाने सगळीकडे हीच बोंब आहे. शिवाय नाव लिहिलं की लोक त्या नावावरून भांडत बसतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. दिवसभर काम शोधण्याचंच. सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, किसान सन्मानचा अडकलेला हप्ता. कोणी येतो, म्हणतो, "बाई, वावर बुढ्याच्या नावानं हाय, गट नंबर काई मालूम नाई." मग जिल्हा, तालुका, गाव असं एकेक पायरी उतरत, पहिल्या नावावरून नाहीतर आडनावावरून मी त्याचं वावर काढून देते. तेव्हा शोध कसा घ्यायचा हे मला कोणी शिकवायला नको. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की त्याच लॅपटॉपवर आमचा डाव बसतो. मामाजी म्हणजे माझे सासरे, जाऊबाई, मी, आणि पुण्याहून नणंदेचा मुलगा. तो तिकडे एका कंपनीत डेटाबेसचं काम करतो, म्हणून पुढे त्याचं नाव वारंवार येईल. आमचे हे खेळत नाहीत, मागे उभे राहून सल्ले देतात.

ही खिडकी एकच गोष्ट धरून चालते: तुम्हाला जे हवं आहे ते तुम्हाला आधीच पक्कं माहीत आहे. नाव, त्या नावाचं स्पेलिंग, ते कोणत्या देशाच्या आवृत्तीचं नाव, सगळं. आता ज्याला एवढं माहीत आहे तो शोधेल कशाला? त्याला तर यादीतही सापडेल. खरी गरज आहे ती मामाजींना, शाळेतल्या पोरांना, फोनवरून नाव ऐकून टाइप करणाऱ्या मला.

आम्हाला गेमची नावं कानावर येतात. डब्यावर वाचायला कधी मिळत नाहीत, कारण डबाच नाही. दारव्ह्यात काय, यवतमाळलासुद्धा असले डबे दुकानात मांडलेले मी पाहिले नाहीत. भाचा फोनवर सांगतो, "मामी, अझूल टाक, भारी आहे." मिखाएल किसलिंगचा २०१७ चा गेम, रंगीत फरशा जुळवायच्या, खरंच भारी आहे. पण आपल्याकडे ज आणि झ कोण कसा म्हणतो हे जिल्ह्यागणिक बदलतं. मी ए, जे, यू, एल टाकलं. पान कोरं. खाली लिहिलं होतं, काही सापडलं नाही, आणि त्याखाली त्यांनी नुकत्याच आणलेल्या गेमची जाहिरात. "नाव बरोबर नाई टाकलं तू, मामी," भाचा म्हणतो. अरे, बरोबर नाव मला माहीत असतं तर तुझ्याकडून कशाला ऐकलं असतं?

अझूल तर सोपा म्हणायचा. कार्कासोन घ्या. क्लाउस-युर्गन व्रेडेचा २००० सालचा गेम, फ्रान्सच्या दक्षिणेला त्या नावाचं किल्ल्याचं गाव आहे. सुरुवातीला सी, मध्ये दोन एस, पुढे दोन एन, शेवटी न बोलला जाणारा ई. हे कोण ऐकून लिहील? क्वर्कल म्हणून एक फरशांचाच गेम आहे, जाऊबाईंचा आवडता. त्यात क्यू आहे आणि क्यूच्या मागे यू नाही, डब्ल्यू आहे. जाऊबाईंनी के पासून सुरुवात केली. आता यांची खिडकी टाइप करता करता नावं सुचवते, पण पहिलं अक्षर चुकलं की तिला काहीच सुचत नाही. दुरुस्तीची संधीच नाही. ऑर्लेआन्स नावाच्या गेममध्ये एका ई च्या डोक्यावर तिरपी रेघ आहे. ती आमच्या कीबोर्डवर कुठून आणायची?

एकच गेम गावातल्या कोणालाही पहिल्या झटक्यात सापडतो, तो स्प्लेंडर. शाळेतल्या इंग्रजीप्रमाणे त्या शब्दात यू घालायला हवा, पण गेमच्या नावात यू नाही. आणि आमच्या गावात दर चौथ्या घरापुढे हिरोची स्प्लेंडर उभी असते, तिच्या टाकीवरही यू नाही. गेमवाल्यांनी मोटारसायकल कंपनीचे आभार मानायला हवेत.

चुकीचं स्पेलिंग ओळखणं फार अवघड असतं अशातलाही भाग नाही. भाच्यानेच सांगितलं की, एका शब्दातून दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, हे मोजायची पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्येच मांडून ठेवली. अजूलमधून अझूल करायला एकच अक्षर बदलावं लागतं. एका-दोन अक्षरांच्या फरकाला माफी दिली तर आमची अर्धी भांडणं मिटतील. उच्चारावरून नाव जुळवायची साउंडेक्स ही रीत तर अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झाली. म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली.

बरं, स्पेलिंग अचूक टाकलं तरी सुटका नाही, कारण एकाच गेमला नावं अनेक. वोल्फगांग क्रॅमरचा १९९४ चा पत्त्यांचा एक गेम आहे, बैलांची मुंडकी असलेला. जर्मनीत तो 'झेक्स निम्ट' म्हणून विकला गेला, म्हणजे सहावा पत्ता टाकणाऱ्याने सगळी रांग उचलायची. अमेरिकेत तोच 'टेक फाइव्ह' झाला. एका नावात सहा, दुसऱ्यात पाच! ज्या साइटवर एकच नाव नोंदवलं आहे तिथे दुसऱ्या नावाने विचारणारा हात हलवत परत येतो. त्यात जर्मन नावातला सहा अंकात लिहिलेला आहे. माझ्या फोनवर मराठी कीबोर्ड सुरू असला की अंक मराठी उमटतो, आणि मराठी सहा तिथे चालत नाही. 'सेव्हन वंडर्स'चंही असंच: अक्षरात सात लिहिलं की गेला. आमच्या सरकारी पोर्टलांवरसुद्धा मराठी अंकांची भानगड असते, पण निदान तिथे लाल अक्षरात सूचना तरी येते.

मामाजींचा सारीपाट हे याच दुखण्याचं मोठं रूप. मामाजी तरुणपणी कवड्यांवर सारीपाट खेळायचे, आणि त्यांचा ठाम समज आहे की जगातले सगळे खेळ त्यातूनच निघाले. काही बाबतीत ते चूक नाहीत. पचिसी म्हणा, चौसर म्हणा, अमेरिकेत पार्चीसी झालं, स्पेनमध्ये पार्चीस, आणि इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये त्याचंच सोपं रूप करून लुडो नावाने पेटंट घेतलं. सारीपाट टाकलं, काही नाही. चौसर टाकलं, काही नाही. पचिसी इंग्रजीत टाकलं, काही नाही. लुडोसारखं काहीतरी तिथे होतं, वेगळ्याच नावाने, ते आम्हाला फार दिवसांनी यादी चाळताना दिसलं. मामाजी म्हणाले, "आपलाच खेळ हाय अन् आपल्यालेच इचारून राह्यला, कोन म्हनून."

लहान नावांची तर आणखी गंमत. भाच्याला 'गो' खेळायचा होता. अडीच हजार वर्षांहून जुना चिनी खेळ, २०१६ मध्ये ली सेडॉल या नामांकित कोरियन खेळाडूला संगणकाने ४-१ ने हरवलं तोच. जी आणि ओ टाकलं, खिडकी म्हणाली, किमान तीन अक्षरं लिहा. गेमचं नावच दोन अक्षरांचं, तिसरं कुठून आणू? रायनर क्निझियाच्या १९९९ च्या 'रा' या प्रसिद्ध गेमचं नावही दोनच अक्षरांचं. भाच्याने सांगितलं, हा बहुतेक डेटाबेसचा जन्मजात स्वभाव असतो. मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये शब्द शोधायची जी सोय आहे तिच्यात काहीच बदललं नाही तर तीन अक्षरांपेक्षा छोटे शब्द नोंदवलेच जात नाहीत, जुन्या प्रकारात तर चारपेक्षा छोटे. तो आकडा बदलता येतो, बदलून नोंदणी पुन्हा बांधावी लागते. कोणीतरी बसून ते करायला हवं होतं, कोणी केलं नाही, बस.

आता रेल्वेचं ऐका. दारव्ह्यावरून शकुंतला जायची हे बाहेरच्यांना माहीत नसेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी नॅरोगेज, इंग्रज कंपनीने कापूस वाहायला टाकलेली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावायची, आणि आता बंदच आहे. मामाजींचं निम्मं आयुष्य तिच्यात गेलं. त्यांनी एक दिवस फर्मावलं, "सूनबाई, रेल्वेचा काई खेळ असन तं काढ."

मी इंग्रजीत ट्रेन टाकलं. ज्या गेमच्या नावात ट्रेन ही अक्षरं आहेत तेवढेच आले. रेल टाकलं, ज्यांच्या नावात रेल आहे ते आले. 'टिकट टू राइड' आलाच नाही. ॲलन मूनचा २००४ चा गेम, त्या वर्षी जर्मनीचा मानाचा 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळालेला. रेल्वेचा गेम म्हटलं की जगात पहिला ज्याचा उल्लेख होतो तो. पण त्याच्या नावात ना ट्रेन, ना रेल. खिडकी फक्त नाव वाचते, आत काय आहे ते वाचत नाही. आणखी कडी म्हणजे रेल्वे कंपन्या चालवायच्या गेमचं एक मोठं कुळच आहे, फ्रान्सिस ट्रेशमने सुरू केलेलं, आणि त्यातल्या अनेक गेमची नावं म्हणजे नुसती सालं. १९८६ मध्ये आलेल्या गेमचं नाव '१८३०'. रेल्वे शोधणारा माणूस अठराशे तीस कशाला टाइप करील? त्या कुळाला खेळणारे 'एटीन एक्सएक्स' म्हणतात, पण ते टाकलं तरी काही येत नाही, कारण ते कोणत्याच गेमचं नाव नाही.

'टिकट टू राइड'चा भारताचा नकाशाही आहे, २०११ मध्ये आलेला, हे आम्हाला भाच्याकडून कळलं. सर्चने सांगितलं नाही. इंडिया टाकलं तर ज्यांच्या नावात इंडिया आहे तेच. 'जयपूर' नावाचा दोघांचा पत्त्यांचा सुरेख गेम आहे, उंट गोळा करायचे, मसाले, चामडं, हिरे विकायचे. मी आणि जाऊबाई तो रोज खेळतो. इंडियाच्या शोधात जयपूर येत नाही!

आमच्या ह्यांनी एकदाच मागणी केली, तीही शेतीच्या गेमची. फार्म टाकलं. 'ॲग्रिकोला' आला नाही, कारण नाव लॅटिन. उवे रोझेनबर्गचा २००७ चा हा गेम पुढे भाच्याने काढून दिला. त्यात प्रत्येक हंगामाच्या शेवटी घरच्यांना खाऊ घालावं लागतं, आणि धान्य पुरलं नाही तर भिकेचं कार्ड मिळतं, उणे तीन गुणांचं. हे मागे उभे होते. म्हणाले, "हे बनवनारा आपल्याकडं येऊन गेल्ता का?" त्यानंतर त्यांनी खेळ मागितला नाही.

यावर उपाय नवा नाही. प्रत्येक गेमला विषयाचे शब्द जोडून ठेवायचे: रेल्वे, शेती, भारत, व्यापार. काही साइटवर असे शब्द आहेतही, पण ते वेगळ्या पानावर, आणि खिडकी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दुकानदाराने माल गोदामात नीट लावून ठेवावा आणि काउंटरवरच्या पोराला गोदामाची चावीच देऊ नये, तसं.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. आठवडाभरात आमच्या केंद्रावर पोट्टे यायला लागले. "बाई, आमालेबी बुद्धिबळ खेळाचं हाय." त्यातल्या एका पोरीने स्वतःच लॅपटॉप ओढून मराठीत बुद्धिबळ टाइप केलं. काही नाही. तिने धि दीर्घ करून पुन्हा टाकलं. तरी काही नाही. मग मी इंग्रजीत चेस टाकून दिलं, तेव्हा यादी आली, पण सर्वात वर साधं बुद्धिबळ नाही. मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची जागा बदलून खेळायचा प्रकार, आणखी कसले कसले प्रकार, आणि साधं बुद्धिबळ बरंच खाली. ज्या खेळाला शंभरातली नव्वद माणसं येणार तो खाली का? भाचा म्हणतो, नवीन टाकलेलं वर दाखवत असतील. असेल. पण त्या पोरीला नवीन नको होतं.

साइट मराठीत नाही, हे मी समजू शकते. पण दोन-चारशे प्रसिद्ध खेळांची मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली नावं एका रकान्यात टाकून ठेवायला साइटचं भाषांतर करावं लागत नाही.

आता मुख्य दुखणं, ज्यावरून हे लिहायला बसले. आमचं घराणं पसरलेलं आहे, पुणे, नागपूर, एक चुलत दीर सुरतेला. सगळ्यांना एका ठिकाणी गाठता यावं म्हणून भाच्याने साइटवर एक गट काढला, नाव ठेवलं 'वऱ्हाडी डाव'. मला म्हणाला, शोध आणि ये. मी फोनवर मराठीत नाव टाकलं. गट नाही. जाऊबाईंनी त्यांच्या फोनवर टाकलं. नाही. चुलत दिरांनी सुरतेहून टाकलं, त्यांना मिळाला! आम्हाला वाटलं, गावाची रेंज. मग भाच्याने त्याच्याकडचं नाव कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवलं, ते मी जसंच्या तसं चिकटवलं, आणि गट पुढ्यात.

या दोन शब्दांत फरक दिसतो का पाहा: वऱ्हाडी, वर्‍हाडी. नाही ना दिसत? संगणकाला दिसतो. हा जो अर्धा र आहे, जो ऱ्ह आणि ऱ्य मध्ये आडवा येतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड कोणती रीत वापरील ते त्या कीबोर्डवर. इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्यांचा ऱ वेगळ्या कळीवर आहे, काही जुन्या उच्चारी कीबोर्डांतून जोडचिन्हवाला येतो. दोन्ही बरोबर, दोन्ही दिसायला अगदी एक. पण खिडकी अक्षरांचे आकडे जुळवते, आकार पाहत नाही, आणि आकडे वेगळे.

मला हे कळायला वेळ लागला नाही, कारण आमच्या धंद्यात असले प्रकार रोजचे. एखादा डीटीपीवाल्याकडून अर्ज कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करून आणतो, पोर्टलवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण कृतिदेवमध्ये आत इंग्रजीच असतं, वरून मराठीचा मुखवटा. पण सामान्य माणसाने काय करायचं? आणि हे फक्त आमच्या वऱ्हाडापुरतं नाही. शेतकऱ्यांचा, दुसऱ्यांचा, सह्याद्रीच्या कडेकपाऱ्यांचा, मराठीत ऱ्य किती ठिकाणी येतो! दोन्ही रीती आतल्या आत एकच धरायच्या, हे काम एका ओळीचं आहे असं भाचा म्हणतो. त्याच्या एका ओळीवर माझा फारसा विश्वास नाही, पण दहा ओळींचं धरू.

माणसं शोधायची खिडकी वेगळी, तिची कथा थोडक्यात. पहिलं नाव टाकलं की जगभरातले त्या नावाचे लोक अक्षरक्रमाने येतात. मी कालच ज्याच्याशी खेळले तो वर यायला हवा, एवढीही अक्कल नाही. आम्ही आता कोणाला शोधतच नाही, टेबलाची, म्हणजे मांडलेल्या डावाची, लिंक व्हॉट्सॲपवर टाकतो.

गाळण्या, म्हणजे फिल्टर. टेबलाची भाषा निवडता येते, त्यात हिंदी आहे, मराठी नाही, म्हणून मराठी बोलणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर बसायचा योग यायचा नाही. किती जण खेळणार ते निवडता येतं, पण 'दोघांत चालतो' आणि 'दोघांत मजा येते' यात फरक आहे, तो यांना ठाऊक नाही. बोर्डगेमगीक या २००० सालापासून चालणाऱ्या नोंदवहीत प्रत्येक गेमला किती जणांत सर्वांत चांगला, याची खेळणाऱ्यांनी दिलेली मतं असतात, गेम किती अवघड याचं पाचापैकी माप असतं. ती माहिती जगात आहे, इथे मात्र डब्यावर छापलेला आकडा तेवढा.

आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. इन्व्हर्टर आहे, पण लाइन गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो. म्हणून आम्हाला जमतात ते सावकाश चालणारे डाव, जिथे एक चाल दिवसभरात केली तरी चालते. घड्याळ लावून बसायचे डाव आम्ही अर्ध्यात सोडले की आमच्या नावापुढे पळपुट्याचा शिक्का बसतो. सावकाश डाव वेगळे काढायची गाळणी आहे, पण 'अधिक पर्याय'च्या आत आणखी एका मेनूच्या आत. ती शोधून काढली, खेळाडू निवडले, वेळ निवडला, एक गेम उघडून पाहिला, मागे आले, आणि सगळ्या गाळण्या पुसलेल्या! पुन्हा पहिल्यापासून. एका दांडीच्या रेंजवर हे दोनदा करून पाहा. याच एका गोष्टीसाठी मी निम्मा तारा कापते आहे.

कोणता गेम फुकट आणि कोणता पैसे भरणाऱ्यांसाठी, हे यादीत दिसत नाही. टेबल मांडायला गेल्यावर कुलूप दिसतं. वस्तूवर किंमत नसलेल्या दुकानात आपण जातो का?

एक नियमांचंही. जाऊबाई आणि मामाजी अझूलमध्ये सारख्या गुणांवर आले आणि साइटने मामाजींना विजयी केलं. जाऊबाईंना ते पटेना. नियमपुस्तिका उघडली, त्यात बरोबरीसाठी इंग्रजी शब्द शोधला, शून्य. कारण ती पुस्तिका म्हणजे पानांचे फोटो होते, अक्षरं नव्हतीच. शेवटी पान-पान वाचून सापडलं: गुण सारखे झाले तर ज्याच्या आडव्या ओळी जास्त पूर्ण तो जिंकला. मामाजींची एक ओळ जास्त होती. जाऊबाईंनी मान्य केलं, पण चहा त्यांनी त्या दिवशी केला नाही.

चांगलं काही नाही का? आहे. एकदा सापडलेल्या गेमवर चांदणी लावून ठेवली की तो पहिल्या पानावर राहतो, ही सोय कधी फसली नाही. नुकते खेळलेले गेमही वर राहतात. म्हणजे शोधायचं काम जितकं कमी तितकी साइट चांगली, असा प्रकार आहे.

गेमला पाचापैकी साडेचार, शोधखिडकीला दीड.

ज्यांना तरीही शोधायचं आहे त्यांनी आमची रीत वापरून पाहावी. आधी बोर्डगेमगीकवर जायचं, तिथे प्रत्येक गेमच्या पानावर त्याची इतर भाषांतली नावंही दिलेली असतात. हवं ते नाव तिथून उचलायचं आणि इथे चिकटवायचं, टाइप करायचंच नाही. तेही जमलं नाही तर नेहमीच्या सर्च इंजिनात 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे अपूर्णविरामाची दोन टिंबं, साइटचा पत्ता, मग जागा सोडून जसं सुचेल तसं नाव. ते चुकीचं स्पेलिंगही सुधारून घेतं. साइटच्या आतलं साइटपेक्षा बाहेरच्याला लवकर सापडतं, हे साइटवाल्यांना कोणीतरी कळवायला हवं.

मी कळवलं. ऱ ची दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून, फोटोसकट, भाच्याकडून इंग्रजी तपासून घेऊन. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभारी आहोत, संबंधित टीमकडे पाठवलं आहे. त्यानंतर काही हललेलं नाही. भाच्याने गटाचं नाव बदलून इंग्रजी अक्षरांत करून टाकलं, तेव्हापासून सगळ्यांना सापडतो. मामाजींना ते आवडलेलं नाही.

आमचं वर्षाचं सभासदत्व मार्चअखेर संपतं. महिन्याला दोन-अडीचशे पडतात, जयपूर आणि अझूलसाठी ते जड नाहीत. पण यंदा मी पैसे महिन्या-महिन्याने भरणार आहे, वर्षाचे एकदम नाही.